अभय आणि एकटीची वाट

श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंत दैवी संपत्तीची गणना करू लागतात तेव्हा सव्वीस गुणांच्या त्या मांदियाळीत पहिला मान ‘अभया’ला मिळतो. सत्य, अहिंसा, दया, क्षमा, धृती हे सारे मागाहून येतात आणि सर्वांत शेवटी येते नातिमानिता, म्हणजे नम्रता. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, तेव्हा या क्रमाचे मर्म त्यांनी फार सुरेख उलगडले: गुणांच्या सेनेची आघाडी अभय सांभाळते आणि पिछाडी नम्रता. आघाडीच कोसळली तर मागचे सैन्य कितीही सद्गुणी असले तरी ते पुढे कसे सरकणार? जो भ्यालेला आहे त्याला सत्य बोलता येत नाही, दया करता येत नाही, एवढेच काय, उजाडण्याआधी उठून मोकळ्या हवेत चार पावले धावताही येत नाही. हे शेवटचे वाक्य काही वाचकांना गीतेच्या मानाने फार लहान वाटेल. मला तसे वाटत नाही, आणि आज अभयाचा विचार करायचा आहे तो त्याच लहान जागी उभे राहून.

पहाटेच्या अंधारात एकटीने धावायला निघालेली एखादी लेक डोळ्यांसमोर आणा. ती पुण्याच्या वेताळ टेकडीवर असेल, कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठाने जात असेल, नागपुरात फुटाळ्याच्या रस्त्याला असेल, किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी पोलीस भरतीची तयारी करत डांबरी सडकेने अंतर कापत असेल. घराच्या दारात आई म्हणते, “एकटी जाऊ नकोस गं.” त्या वाक्यात माया आहे, अनुभव आहे आणि भयही आहे. लेक म्हणते, “काही होत नाही.” त्यातही उमेद आहे, आणि थोडे अज्ञानही. अभय या दोन्ही वाक्यांच्या पलीकडे राहते. धोका न कळणे म्हणजे अभय नव्हे, आणि धोका कळल्यामुळे दार लावून घरात बसणे हेही नव्हे. मग ते आहे तरी काय?

एकटेपणाचे भय किती जुने आहे ते बृहदारण्यक उपनिषदाला ठाऊक आहे. सृष्टीच्या आरंभी एकटाच असलेला तो आदिपुरुष भ्यायला, आणि म्हणूनच आजही एकटा असणारा भितो, असे ऋषी सांगतात. पुढे त्या पुरुषाने जे केले ते पाहण्यासारखे आहे. त्याने भय दाबले नाही, त्यापासून पळ काढला नाही, त्याने विचार केला: माझ्याखेरीज येथे दुसरे कोणी नाहीच, तर मी कोणाला भितो आहे? त्या विचारासरशी त्याचे भय निघून गेले, कारण भय होते ते दुसऱ्यापासून. अभयाचा हा पहिला पदर आहे: भयाला प्रश्न विचारणे. टेकडीवर धुके असते, आपलाच श्वास कानांत घुमत असतो, मुरुमावर आपल्याच बुटांचा करकर आवाज येत असतो, आणि अचानक त्या लयीत बसत नाही असा दुसऱ्या बुटांचा आवाज मिसळतो. पोटात गोळा येतो. तो गोळा हा निरोप आहे, आणि त्यातला प्रश्न उपनिषदाचाच आहे: खरोखर दुसरे कोणी आहे का, आणि असेल तर कोण?

उत्तर हवे असेल तर मान वळवून पाहावे लागते. आपल्याकडे मुलींना लहानपणापासून शिकवतात की रस्त्याने खाली मान घालून जावे, मागे वळून पाहू नये; ही शिकवण अभयाच्या अगदी विरुद्ध आहे असे माझे स्पष्ट मत आहे. उघड, सरळ, डोळ्याला डोळा देऊन पाहावे. मागचा माणूस आपल्यासारखाच धावणारा असेल तर शंका तिथेच विरते, आणि हेतू बरा नसेल तर त्यालाही कळते की आपण पाहिले गेलो आहोत, आपला चेहरा ध्यानात राहणार आहे. असे हेतू घेऊन फिरणारा बेसावध माणूस शोधत असतो. म्हणून कानांचे महत्त्व डोळ्यांइतकेच. दोन्ही कान गाण्याने बुजवून धावणाऱ्याच्या बाबतीत दुसरा येतो तो थेट हाताच्या अंतरावर. गाणे हवेच असेल तर एकाच कानात असावे आणि तेही मंद. अंधारात, आडवाटेला तर दोन्ही कान मोकळेच असावेत. समर्थांनी दासबोधात हरिकथानिरूपण आणि राजकारण यांच्यापाठोपाठ तिसरे स्थान सर्व विषयांतील सावधपणाला दिले आहे, आणि हे सांगणारे समर्थ तेच, ज्यांनी अकरा मारुती स्थापले आणि बलोपासना लोकांच्या अंगी बाणवली. मारुती गावाच्या वेशीवर असतो, जिथे वस्तीचा आधार संपतो आणि एकट्याची वाट सुरू होते. त्याला नमस्कार करून पुढे निघताना बळाबरोबर सावधपणही मागून घ्यावे.

आता ज्ञानेश्वर माउलींकडे वळू, कारण अभयाचा सर्वांत व्यवहारी अर्थ मला त्यांच्याकडेच सापडतो. सोळाव्या अध्यायात अभय समजावताना त्यांनी वीरश्रीची वर्णने केली नाहीत. महापुरात उडीच न घालणाऱ्याला बुडण्याची धास्ती उरत नाही आणि पथ्याने राहणाऱ्याच्या घरी रोगाची भीती उरत नाही, अशा आशयाने त्यांनी आरंभ केला. इथे थोडे थांबावे. अभयाची व्याख्या माउली पथ्यापासून सुरू करतात! पथ्य म्हणजे भित्रेपणा नव्हे. पथ्य पाळणारा आपल्या आरोग्याचा स्वामी असतो, रोगाच्या विचाराने दिवसभर कुढत बसत नाही. एकट्याने धावणाऱ्याचे पथ्यही असेच सकाळी पाच मिनिटांत उरकणारे आहे, आणि ते उरकले की मन धावण्याला मोकळे होते.

त्यातले पहिले पथ्य म्हणजे घरातल्या किंवा विश्वासातल्या एका तरी माणसाला आपली वाट आणि परतीची वेळ सांगून निघणे. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन एक तासासाठी पाठवता येते, ते पाठवावे. आणि ज्याला पाठवले त्याने ते पाहावेही, कारण न पाहिलेला निरोप कुणाचे रक्षण करत नाही. दुसरे पथ्य अगदी अलीकडचे आहे. आपण धावलेल्या वाटेचा नकाशा स्ट्राव्हासारख्या ॲपवर रोज सर्वांना दिसेल असा टाकला, तर आपले दार, आपली वेळ आणि आपली एकटी वाट आपणच जगजाहीर करतो. २०१८ च्या जानेवारीत हे साऱ्या जगाच्या ध्यानात आले: स्ट्राव्हाने प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशावर ओसाड प्रदेशांत उजळलेल्या रेषा दिसल्या, आणि त्या सैनिकांच्या व्यायामाच्या फेऱ्यांनी रेखलेले लष्करी तळ होते. जिथे सैन्याचे तळ उघडे पडले तिथे आपले घर कसे झाकलेले राहील? नकाशाचा आरंभ आणि शेवट लपवण्याची सोय त्या ॲपमध्येच असते, ती वापरावी, आणि रोजची वाट व वेळ अधूनमधून बदलावी.

तिसऱ्या पथ्याविषयी थोडे मोकळेपणाने बोलतो. पहाटे फिरायला किंवा धावायला निघालेल्या स्त्रियांच्या गळ्यातले सोने मोटारसायकलवरून हिसकावून नेणे, ज्याला वर्तमानपत्रे सोनसाखळी चोरी म्हणतात, हा आपल्या शहरांतला नित्याचा गुन्हा झाला आहे. इतका की नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ खाली हिसकावून नेण्याची चोरी हा स्वतंत्र गुन्हा धरला आहे. साखळीबरोबर माणूसही ओढला जातो, रस्त्यावर आपटतो, आणि मानेला होणारी जखम सोन्याहून फार महाग पडते. मंगळसूत्र काढून ठेवायला अनेक भगिनींचे मन घेत नाही, हे मी जाणतो. त्यांना माझी विनंती आहे की ते देव्हाऱ्यात देवापाशी ठेवून निघावे. तिथे ठेवलेले सौभाग्यचिन्ह कुठल्याही अर्थाने उतरवलेले नसते. भर्तृहरीने वैराग्यशतकात भोग, कुल, धन, मान अशा एकेकाला चिकटलेले भय दाखवून शेवटी वैराग्यालाच अभय म्हटले आहे. त्या तासाभरापुरते वैराग्य कुणालाही साधण्यासारखे आहे. आणि तरीही कुणी काही मागितले, फोन, घड्याळ, पैसे, तर ते द्यावे, नव्हे, आपल्यापासून दूर फेकावे आणि उलट दिशेला धावत सुटावे. अभय देहाच्या रक्षणासाठी आहे, वस्तूंच्या नव्हे.

रस्त्याचे पथ्य थोडक्यात सांगतो. पदपथ नसेल तर उजव्या कडेने धावावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते. अंगावर प्रकाश परतवणारी पट्टी असावी. आणि खिशात नाव, रक्तगट व घरचा फोन क्रमांक लिहिलेली एक चिठ्ठी.

पथ्याने पुष्कळ टळते, सगळे टळत नाही, आणि इथे पुन्हा विनोबांकडे जावे लागते. त्यांनी निर्भयतेचे तीन प्रकार मानले होते: विज्ञ, ईश्वरनिष्ठ आणि विवेकी. धोक्याची ओळख करून घेऊन त्यावरचा इलाज जाणणाऱ्याची निर्भयता ती विज्ञ. ईश्वरनिष्ठ निर्भयता पूर्ण खरी, पण ती दीर्घ साधनेचे फळ. विवेकी निर्भयता उगाच साहस करू देत नाही, आणि प्रसंग आलाच तर बुद्धी शांत ठेवायला शिकवते. ती प्रत्येकाच्या आवाक्यातली आहे. धावणाऱ्याला पहिली आणि तिसरी हवी, आणि दोन्ही शिकता येतात. पहाटेच्या कुत्र्यांचेच पाहा. टोळी भुंकत अंगावर आली की पाय आपोआप वेग घेतात, आणि नेमके तेच करायचे नसते, कारण पळणाऱ्याच्या मागे लागणे हा कुत्र्याचा स्वभाव आहे. थांबावे, डोळे रोखून पाहू नये, पाठ फिरवू नये, दोन पावले सावकाश मागे सरत जावे. बहुतेक वेळा खाली वाकून दगड उचलण्याचा आविर्भावही पुरतो. चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. रेबीज एकदा जडला की जवळजवळ इलाज नाही, पण वेळेवर घेतलेली लस तो जडूच देत नाही. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात किंवा मुंबईत आरेच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना बिबट्याचाही विचार करावा लागतो: वाकू नये, पळू नये, हात वर करून मोठे दिसावे, आवाज करत मागे सरावे, आणि मुळात अंधारात तिथे धावूच नये. ज्याला हे ठाऊक आहे त्याचे भय गेलेले नसते, पण त्या भयाला करायला काम मिळालेले असते.

हात वर करण्यावरून अभयाचा मला सर्वांत प्रिय असलेला पदर आठवतो, तो म्हणजे अभयमुद्रा. आपल्या मूर्तिशिल्पात देवाचा उजवा हात उचललेला असतो, तळवा समोर, बोटे वर. भक्ताला तो सांगतो, भिऊ नकोस. स्वसंरक्षण शिकवणारे प्रशिक्षक पहिल्या दिवशी जी उभे राहण्याची रीत शिकवतात ती पाहिली की मन थबकते: एक पाय किंचित मागे, गुडघे सैल, दोन्ही हात छातीच्या उंचीवर, तळवे समोर, बोटे वर. मुठी नाहीत. तेच उघडे तळवे समोरच्याला सांगतात, इथेच थांब. बघणाऱ्या साक्षीदारांना सांगतात, ही भांडण उकरत नाही. आणि तो जवळ आलाच तर हात आधीच आपल्या चेहऱ्यापाशी, रक्षणाच्या जागी असतात. तिथून तळव्याच्या टाचेचा आघात नाकावर किंवा हनुवटीखाली करता येतो, आणि तो शिकाऊ माणसाच्या मुठीपेक्षा भरवशाचा असतो, कारण मूठ चुकीची वळली की आपलीच बोटे मोडतात. बोटांच्या फटीत किल्ल्या धरण्याचा सल्लाही याच कारणाने टाळावा. मनगट धरले गेले तर पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात वळवून झटका द्यावा, कारण पकडीत सर्वांत दुबळा असतो तो अंगठा. आणि पकड सुटताक्षणी पळावे. जिंकण्याचा विचार मनात आणू नये. उजेड आणि माणसे जिथे असतील तिथवर पोचणे, एवढेच त्या क्षणाचे ध्येय.

पण हाताआधी वाणी. भयाच्या पहिल्या झटक्यात घसा कोरडा पडतो, हातपाय थिजतात, शब्द फुटत नाही; हा देहाचा धर्म आहे आणि त्याची लाज मुळीच नको. यावर उपाय एकच, अभ्यास. घरात, गच्चीवर, मैत्रिणींसमवेत पोटातून आवाज काढून “थांब! मागे हो!” असे ओरडण्याची सवय करावी, जशी जपाची सवय करतात, म्हणजे वेळेला ओठ आपोआप हलतात. आसपास माणसे असतील तर सर्वांना मिळून हाक घालू नये, एकाला घालावी: “अहो निळ्या शर्टवाले दादा, ११२ ला फोन लावा!” गर्दीतल्या प्रत्येकाला वाटते दुसरा कुणी पुढे होईल; एकाला बोट दाखवले की तो बांधला जातो. शिट्टी जवळ असेल तर ती पिशवीत नको, हाताशी हवी; मिरचीचा फवारा असेल तर तोही हातात हवा आणि वाऱ्याची दिशा पाहून वापरायला हवा.

कायदाही या अभयाच्या बाजूने उभा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि त्यामुळे प्रतिकार करताना हात कचरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खाजगी संरक्षणाचा हक्क सांगतात: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्याही देहाचे रक्षण करताना केलेली कृती गुन्हा ठरत नाही. त्याला मर्यादा आहे, रक्षणाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. पण बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला किंवा जबर दुखापत यांची रास्त भीती असेल तेव्हा हा हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही पोचतो. नकार दिल्यावरही एखादा पुरुष स्त्रीचा वारंवार पाठलाग करत राहिला तर तो कलम ७८ खाली गुन्हा आहे. रोज त्याच वळणावर कुणी वाट अडवून उभा राहत असेल तर मोठे काही घडण्याची वाट न पाहता तक्रार करावी.

आता एक गोष्ट, जी सांगितल्याशिवाय वरचे सगळे अपुरे, किंबहुना घातकही ठरेल. सारी पथ्ये पाळूनही कुणावर हल्ला होतो. कधी पथ्य पाळायचे राहूनही गेलेले असते. दोन्ही वेळी पहिला प्रश्न उठतो तो तिच्याकडे बोट दाखवून: एवढ्या पहाटे कशाला गेली होती, असे कपडे का, एकटी का? पथ्य चुकलेल्या रुग्णाला वैद्य शिक्षा देत नाही, उपचार देतो. आणि इथे तर रोगाच्या जागी एक माणूस आहे, ज्याने बुद्ध्या पाप केले. अभयाचा उपदेश करणाऱ्याच्या तोंडी हा प्रश्न आला की त्याचा सगळा उपदेश भयाच्या पक्षाला जाऊन मिळतो. मुलगी घरी सांगायला आली की आज टेकडीवर असे घडले, तर तिचे धावणे बंद करू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही.

आणि अभयाचा शेवटचा पदर एकटीच्या हातात नाही. संन्यास घेणारा साधक दीक्षेच्या वेळी सर्व भूतांना अभय देतो: माझ्यापासून कुणालाही भय नसो. गीतेच्या बाराव्या अध्यायातला भगवंतांचा प्रिय भक्तही तोच, ज्याच्यापासून लोक उद्विग्न होत नाहीत आणि जो लोकांपासून उद्विग्न होत नाही. आपण या वचनाचा दुसरा भाग फार घोकतो आणि पहिला विसरतो. माउलीही पथ्यापाशी थांबत नाहीत. जिथे दुसरेपणच विरघळले तिथे भयाला जागाच उरत नाही, इथवर ते अभयाला नेतात. ते पूर्ण अद्वैत आपल्यापैकी कितीजणांना गवसेल कोण जाणे, पण रस्त्यावर समोरच्याला ‘दुसरा’ न वाटण्याचा प्रयत्न तर आजपासून करता येतो.

म्हणून ही विनंती प्रामुख्याने माझ्या पुरुष वाचकांना, धावणाऱ्या, फिरणाऱ्या, दुचाकीवर दूध आणायला निघालेल्या सगळ्यांना. पुढे एकटी स्त्री धावत असेल तर चुपचाप तिच्या पाठीशी येऊन ठेपू नका. लांबूनच “ताई, उजवीकडून पुढे जातोय” म्हणा आणि चांगले हातभर सोडून निघून जा, किंवा सरळ रस्त्याची दुसरी कड धरा. तिच्या वेगाने मागे-मागे धावत राहू नका, गाडी तिच्या शेजारी हळू करू नका, हसून काही विचारू नका. ती बुटाची नाडी बांधायला थांबली तर तुम्ही थांबू नका. तुमच्या प्रभागातल्या टेकडीच्या वाटेवर दिवे बंद असतील तर महापालिकेत अर्ज द्या आणि दिवे लागेपर्यंत पाठपुरावा करा. आणि कुणी हाक मारलीच, तर कृपा करून दुसऱ्याची वाट पाहू नका, ११२ लावा आणि तिच्या बाजूला जाऊन उभे राहा.